डोळा भरणारा शहादेव माळी

शहादेव माळ्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम वाढलेलं असायचं. बाकीची नऊ नखं तो बुडापासून काढायचा, हे एक ठेवायचा. त्या नखानं तो जंबेरीची साल उचलायचा. जंबेरी म्हणजे रानटी लिंबाचं झाड. फळ कोणी तोंडाला लावणार नाही, पण मुळं खडकात शिरणारी. जमिनीपासून वीतभर वर शहादेव तिच्या खोडाला एक आडवी आणि एक उभी चीर द्यायचा, सालीचे दोन पदर नखानं सोडवायचा आणि गोड संत्र्याच्या फांदीवरून सालीसकट काढलेला एक कोंब त्या फटीत सरकवायचा. तो कोंब म्हणजे डोळा. वरून केळीच्या सोपटाची पट्टी आवळून बांधायची, की झालं. याला डोळा भरणं म्हणतात. चौथ्या वर्षी त्याच कडू झाडाची संत्री दगडवाण गावची माणसं सोलून खायची आणि साल शहादेवच्याच अंगणात टाकून जायची.

डोळा लागला की मेला, हे विसाव्या दिवशी कळायचं. डोळ्याखाली पानाचा देठ मुद्दाम ठेवलेला असतो. त्याला नुसतं बोट लावायचं. देठ आपसूक गळाला तर डोळा जिवंत. वाळून चिकटून बसला तर मेला.

"मेला म्हंजी मेला," शहादेव म्हणायचा. "मंग त्याला पानी घाला न्हाईतर तूप घाला."

सहाव्या वर्षी त्याला देवी आल्या होत्या. त्याच आठवड्यात घरातली दोन भावंडं गेली, हा उरला. चेहरा वणांनी भरलेला, एक भुवई अर्धीच. म्हणून पोरगी द्यायला कोणी तयार होईना आणि मग तरणेपणीच तो मोमिनाबादच्या छावणीत, म्हणजे अंबाजोगाईला, साहेब लोकांच्या बागेत कामाला गेला. तिथं तो गुलाबाचे डोळे भरायला शिकला. छावणीच्या दवाखान्यातले डॉक्टर मुनव्वरअली गुलाबाचे नादी होते. औषधं देऊन झाली, की ते बागेत येऊन शहादेवच्या हाताकडं बघत बसायचे.

एके सकाळी त्यांनी विचारलं, "शहादेव, तू हे इंग्रजीत काय करतोयस, ठाऊक आहे?"

"इंग्रजीत? म्या तर मराठीतच करायलोय, डाक्टरसाब."

डॉक्टर हसत आत गेले आणि विटेएवढा जाड कोश घेऊन आले. वाफ्याच्या कठड्यावर तो उघडून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे बघ. इनॉक्युलेशन. 'इन' म्हणजे आत. 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. जुन्या रोमच्या लोकांची ही जबान. आत डोळा बसवणं. हा तुम्हा माळ्यांचा लफ्ज आहे. शेकडो वर्षं माळीच वापरत होते. मग विलायतेतले डॉक्टर हलकी देवी मुद्दाम माणसाच्या दंडात टोचायला लागले, पुढं मोठी येऊ नये म्हणून. त्या कामाला नाव हवं होतं. त्यांनी तुमचंच उचललं."

"म्हंजी चोरलंच की."

"चोरलंच! आता गाईची लस निघाली, तिला नवा शब्द आला, व्हॅक्सिनेशन. पण बोलताना लोक अजून जुनाच बोलतात."

शहादेवनं हातातला चाकू धोतराला पुसला. तो शब्द त्यानं दोनदा जिभेवर घोळवला. त्यातलं 'इन' त्याला आवडलं.

"ह्यो 'इन' भारी दगाबाज आहे हां," डॉक्टर म्हणाले. "इथं 'आत' होऊन बसलाय. दुसऱ्या शब्दावर बसला, की आपला 'ना' होतो. लायकचा नालायक करतो ना, तसा. मूळ उघडून बघितल्याशिवाय कळत नाही, कुठला आहे."

"आन् मानसाच्या दंडात डोळा लागला का न्हाई, ते कसं कळायचं? देठ कुटं हाय त्याला?"

डॉक्टरांनी कोश मिटला. असा प्रश्न त्यांना आजवर एकाही शिकलेल्या माणसानं विचारला नव्हता. "आठव्या दिवशी," ते म्हणाले. "मोत्यासारखा फोड येतो. मध्ये खळगा, भोवती लाली. तो आला तर लागला. नुसती खपली धरली, तर मेला."

एवढंच ते बोलणं. पुढं छावणी उठली, डॉक्टर दवाखान्यात राहिले आणि शहादेव सात कोसांवरच्या आपल्या गावी परतला. उशिरा का होईना लग्न झालं, बायको आली, गेली. मुलगा पंडित हैदराबादला एका नवाबाच्या बागेत लागला. घरात सून कौशल्या आणि चार वर्षांची नात रतन.

फसली तेराशे चोवीस साल, इंग्रजी एकोणीसशे पंधरा. त्या वर्षी डोंगराच्या अंगाच्या गावांमध्ये देवी फिरत होत्या. दगडवाणच्या माणसांनी पाहुणे बंद केले होते, आपणही कुठं जात नव्हती. लस टोचणारा सरकारी माणूस पौषात यायचा, तो त्या साली चैत्र अर्धा सरल्यावर आला. नाव सुंदरराव, पण गावोगाव त्याला टोच्याच म्हणायचे. बैलगाडी चावडीपुढं सुटली आणि दारं धडाधड लागली.

"टोच्या आला गं! पोरं आत घ्या!"

मोहनराव पाटलांनी शहादेवला बोलावून घेतलं. "आबा, तुमी छावनीत राह्यलेले. तुमाला ह्यातलं कळतं. लोकास्नी सांगा दोन शब्द. उद्या तहसीलीतून मला इचारत्याल."

पारावर बायामाणसं जमली. सगळ्यांच्या पुढं छबुबाई. जिभेला हाड नसलेली विधवा बाई, पदरात दोन नातू.

"देवीच्या कामात सुरी घालतो व्हय रं शहादेव? ती कोपली म्हंजी?"

"छबुबाई, माझी संत्री खाल्ली का तू?"

"खाल्ली. यक आंबट निघालतं."

लोक हसले. शहादेवही हसला. "त्ये झाड मुळात काय हाय? जंबेरी. म्या त्याच्या सालीत यक डोळा बसवला. झाड मेलं का? गोड झालं. हे तेच हाय. मोठमोठ्या डाक्टरांनी ही इद्या माळ्यापासून घेतलीय. बुकात लिव्हलंय, म्या बघितलंय. नाव सुदिक आमचंच हाय." त्यानं तो इंग्रजी शब्द सगळ्यांपुढं म्हणून दाखवला. कडेला उभ्या सुंदररावानं मान वळवून बघितलं. "आन् पयला दंड माझ्या रतनचा."

त्यानं रतनला खांद्यावरून उतरवली. कौशल्या मागं पदर चावत उभी होती.

लसीच्या काचेच्या बारीक नळ्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या. डबा गाडीच्या साट्यावर, उन्हात. शहादेवनं तो आणायला हात लावला आणि हात मागं घेतला. डबा तव्यासारखा तापला होता.

डोळ्याची फांदी शहादेव कधी उघडी न्यायचा नाही. केळीचा बुंधा कापून, आतला गर कोरून, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचा. तसं नेलं तर वैशाखातसुद्धा दोन-तीन दिवस डोळा हिरवा राहतो. उन्हात उघडा ठेवला, तर दुपारपर्यंत संपतो.

"रावसाहेब, ह्यो डबा लई तापलाय."

"सरकारी डबा आहे तो. तुझ्यासारखा लगेच तापत नाही." सुंदररावानं पाटलांकडं बघून डोळा मिचकावला. "मघाशी बुकातला शब्द सांगितलास, आता आम्हाला डबा शिकवतोस?"

सगळे हसले. आणि शहादेव त्यांच्यात हसला. नुकतंच सगळ्या गावानं त्याला मान डोलावली होती. तो रतनचा दंड धरून खाली बसला.

अडतीस पोरं त्या दिवशी टोचली गेली. रतन सगळ्यांत आधी. ती रडली नाही. "आबा, मला पन संत्री येत्याल का?" एवढंच तिनं विचारलं.

चौथ्या दिवशी शहादेवनं तिचा दंड पाहिला. बारीक खपली धरली होती. पाचव्या दिवशी पाहिला. सहाव्या दिवशी त्यानं घरोघर जाऊन पोरांचे दंड पाहिले. बाया म्हणाल्या, म्हाताऱ्याला टोच्याचं येड लागलं. सातव्या दिवशी रतनची खपली अंघोळीत गळून गेली आणि खाली कोरी कातडी निघाली.

आठव्या दिवशी सुंदरराव तपासणीला आला. चावडीच्या ओट्यावर बसून एकेक दंड बघायचा आणि रजिस्टरात लिहायचा. कामयाब. कामयाब. कामयाब. दोन पोरांनी खाजवून जखम पिकवून घेतली होती, ती बघून तर तो म्हणाला, "वा! उत्तम!"

शहादेव ओट्याला टेकून उभा होता. शेवटचं पोर उतरलं, तसा तो वर आला.

"रावसाहेब, यक बी लागला न्हाई."

"काय लागला नाही?"

"डोळा. मोत्यावानी फोड पायजे. मधी खळगा पायजे. ह्यो नुसता सुरीचा व्रण हाय, आन् त्या दोगांचा पिकल्याला हाय. तुमाला बी दिसतंय."

सुंदररावानं टाक खाली ठेवला. पाटील उठून पान थुंकायला गेले होते. तो आवाज खाली आणून बोलला, "हे बघ, म्हाताऱ्या. नाकामयाब लिहिलं, तर वरून विचारतील लस कुठं खराब झाली. गाडी चार दिवस वाटेत का थांबली. मला आदिलाबादच्या जंगलात धाडतील. माझी बायको बाळंतीण आहे. देवी ह्या गावात येईलच असं कुठं आहे?"

"लस कुटं खराब झाली ते लिव्हू नगा. लस लागली न्हाई एवढंच म्हना. कामयाबच्या आंदी त्यो 'ना' तेवढा लिव्हा. यक अक्षर हाय."

"एक अक्षर!" सुंदरराव हसला आणि त्यानं टाक पुन्हा उचलला. "आणि गावाला काय सांगशील? लोकांना पारावर कोणी बोलावलं? मी? माझं तर दार कोणी उघडत नव्हतं."

पाटील परत आले. शहादेव त्यांच्याकडं वळला आणि मोठ्यांदा, खाली उभ्या बायामाणसांना ऐकू जाईल असा बोलला, "पोरांस्नी लस लागली न्हाई. डबा उन्हात तापलता. मला दिसलं, आन् म्या गप बसलो. कुनी पोरं घिऊन गावाभाईर जाऊ नगा."

मग छबुबाईचा आवाज आला.

"आगं बया! आंदी म्हनतो टोचा. आता म्हनतो टोचलंच न्हाई. तुझं त्वांड हाय का रहाटगाडगं?"

"आबा," पाटील म्हणाले, "सरकारी मानूस कामयाब लिव्हतोय. शिक्का मारतोय. तुमी माळी. घरी जा."

अडतीस दाखले वाटले गेले. आणि तो कागद हातात आल्यावर गावाला धीर आला. दीड महिना दारं लावून बसलेली माणसं गाड्या जुंपायला लागली. लगीनसराई होती. कौशल्याच्या भावाचं लग्न चार कोसांवरच्या तिच्या माहेरी होतं आणि त्या गावाच्या शेजारी देवी होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जाऊ नगंस पोरी," शहादेव म्हणाला.

"मामंजी, सख्ख्या भावाचं लगीन हाय. करवली हाय मी."

"मंग रतनला ठिव. मी बघतो."

"काय म्हनत्याल तिथं? पोर कावून आनली न्हाई, इचारत्याल. आन् टोचलंय की तिला. सगळ्या गावाम्होरं तुमीच पयला दंड धरला तिचा."

शेवटी शहादेव म्हणाला, "मी आंबेजोगाईला जाऊन येतो. नवी लस आनतो. दोन दिस थांब. यवढं माझ्यासाटी कर."

ती हो म्हणाली.

त्यानं केळीचा बुंधा कापला, गर कोरला, फडकं भिजवलं आणि पहाट फुटायला निघाला. डॉक्टर मुनव्वरअली आता पुरते पांढरे झाले होते. त्यांनी शहादेवला ओळखलं ते अर्ध्या भुवईवरून. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कपाट उघडून लसीच्या नळ्या मोजल्या.

"माझ्याकडं सात नळ्या आहेत. हैदराबादहून पुढची खेप कधी येईल, खुदा जाणे. मी दवाखाना सोडून येऊ शकत नाही. आणि तुला देणं कायद्यात बसत नाही."

"नसंल बसत तर नसू द्या."

डॉक्टरांनी त्याच्या हाताकडं पाहिलं. मग टोचायची सुई उकळत्या पाण्यातून काढून फडक्यात बांधून दिली आणि स्वतःच्याच दंडावर रेघा कशा ओढायच्या ते दाखवलं. "साल जेवढी उचलतोस, त्याहून कमी. रक्त यायला नको. आणि ऐक, हा केळीचा बुंधा चांगला आहे, पण ह्या उन्हात तीन दिवस. चौथ्या दिवशी ती लस नाही, नुसतं पाणी."

रात्र दवाखान्याच्या ओसरीत काढून तो दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत गावात आला. वाटेत लागेल त्या ओढ्यावर बुंधा भिजवत आला. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "कौसल्या गेली की. भावानं कालच गाडी धाडलती. लई रडली, पर गेली."

एका नळीत एक पोर. सहा नळ्या गावाला, एक रतनला, असा त्यानं हिशेब धरला आणि पारावर जाऊन बसला. कोणी आलं नाही. माणसं लांबून वळून जायची. ऊन पारावरून उतरलं, तेव्हा छबुबाई दोन्ही नातवांना दंडाला धरून ओढत आली.

"टोच."

शहादेवनं वर पाहिलं.

"बघतोस काय? तुझ्या तोंडावर माझा इस्वास न्हाई. पर चौदा कोस पायी गेलतास, त्याच्यावर हाय. तुज्यावानी म्हातारा उगंच कुनी चालत नसतो. टोच लौकर, थोरला पळून जाईल."

तिच्यामागून आणखी चार पोरं आली. सहा झाली. आणखी दोघी जणी पोरं कडेवर घेऊन आल्या, तेव्हा त्यानं बुंधा मांडीखाली ओढून घेतला.

"संपली बायांनो."

"त्यात यक दिसतीया की, आबा."

"ती रतनची हाय."

दोघी माघारी फिरल्या. त्या दोघींची नावं शहादेव मरेपर्यंत कोणाजवळ बोलला नाही, पण त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घालायचा.

दुसऱ्या दिवशी तो कौशल्याच्या माहेरी पोचला. मांडव पडला होता, सनई चालली होती. रतन हळदीनं पिवळी झालेली, पोरांच्या घोळक्यात. कौशल्यानं सासऱ्याला पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. शहादेवनं तिच्या वडिलांना, त्र्यंबकरावांना, बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"व्याही, तुमचं खरं आसंल," ते म्हणाले, "पर देवक बसलंय घरात. देवक उठंस्तवर आमच्यात कुनाच्या अंगाला सुरी लावत न्हाईत. न्हावी सुदिक लावत न्हाई. नवरदेवाला काय झालं, तर जल्मभर बोल लागंल मला."

"यक रेघ हाय. रगात बी येत न्हाई. येशीभाईर नेतो पोरीला."

"पोर ह्याच घरची हाय ना? मंग कुटं बी नेली तरी तेच. परवा देवक उठलं, की न्या. माझी ना न्हाई."

शहादेवनं पागोटं काढून त्यांच्या पायाशी ठेवलं. त्र्यंबकरावांनी ते उचलून पुन्हा त्याच्या डोक्यावर घातलं, हाताला धरून पंगतीत नेलं. माणूस वाईट नव्हता.

दोन दिवस शहादेव गोठ्यात बसून होता. जेवायला उठला नाही. बुंधा दावणीजवळ गारव्याला ठेवलेला, घडीघडीला वर पाणी शिंपडलेलं. दुसऱ्या दिवशी बुंध्याची कड काळी पडली, तशी त्यानं गावातल्या एका मळ्यातून नवा बुंधा मागून आणला. पंगतीत वाढायला शेजारगावचा एक पाहुणा होता, त्याच्या मानेवर ताज्या खपल्या. शहादेवनं त्याला बघितलं आणि त्र्यंबकरावांना सांगितलं. ते म्हणाले, बरा झालाय तो. रतन त्याच्याच हातून बुंदी घेऊन गोठ्यात आली.

"आबा, घ्या. तुमी उपाशी हाव, आई म्हनली."

लस दवाखान्यातून निघाल्यापासून चौथ्या दिवशी देवक उठलं. कौशल्या रतनला कडेवर घेऊन स्वतः गोठ्यात आली, तिचा दंड उघडा करून पुढं उभी राहिली.

"टोचा मामंजी."

शहादेवनं नळी काढली, उजेडाला धरली, परत फडक्यात ठेवली.

"आता उपेग न्हाई."

"टोचा तरी. माझ्या जिवाला बरं वाटंल."

"मेल्याला डोळा म्या भरत नसतो, पोरी," तो म्हणाला. "त्ये यकदा झालंय."

लग्नानंतर बाराव्या दिवशी, दगडवाणला, रतनला ताप भरला. पंधराव्या दिवशी अंगावर दाणे उठले. त्याच आठवड्यात गावात आणखी नऊ घरी.

देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, चूल मंद ठेवतात, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात. आणि आजारी माणसाला नावानं हाक मारत नाहीत. देवी अंगात उतरलेली असते. तिच्याशी अदबीनं बोलावं लागतं. कौशल्या आपल्या लेकीला "आईसाहेब, पानी घ्या" म्हणायची. "आईसाहेब, कूस बदला." शहादेवला एकदा येऊन गेल्या होत्या, त्याला भीती नव्हती. तो दिवसभर उशाशी बसून लिंबाच्या पाल्यानं वारा घालायचा. तोही म्हणायचा, "घ्या आईसाहेब. यक घोट घ्या."

दाणे उठल्यापासून नवव्या दिवशी दुपारी रतननं सुजलेले डोळे उघडायचा प्रयत्न केला. उघडले नाहीत.

"आबा."

"जी, आईसाहेब."

"आसं नगा की बोलू. मला भ्या वाटतंय. मी रतन हाय. आगं रतने म्हना की."

शहादेवनं सुनेकडं पाहिलं. कौशल्या दोन्ही हात जोडून मान हलवत होती. "नगा मामंजी, पाया पडते. कोप हुईल."

शहादेवचा हात थांबला. पाला खाली ठेवून तो वाकला.

"आगं रतने," तो म्हणाला. "हितंच हाय मी. तुज्या उशालाच हाय."

"हां," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. कौशल्यानं पुढं सारं आयुष्य त्याच घरात काढलं, सासऱ्याला वेळेवर भाकरी दिली, दुखण्यात सेवा केली. डबा तापला होता, दाखला खोटा होता, देवक बसलं होतं, हे सगळं ती विसरली. 'रतने' हा एक शब्द तेवढा विसरली नाही.

गावात अकरा पोरं गेली. शहादेवनं टोचलेली सहाच्या सहा राहिली. मृत्यूंची नोंद पाटील चावडीत लिहीत होते, तेव्हा शहादेव तिथं गेला. रतनच्या नावापुढं 'बुखार' लिहिलं होतं. अकराही नावांपुढं बुखार.

"देवी लिव्हा, पाटील."

"कसं लिव्हू, आबा? रजिस्टरात कामयाब हाय. कामयाब झाल्याल्या पोराला देवी येत न्हाई, आसं वरचं म्हननं. देवी लिव्हलं तर माझंच कागद खोटं पडत्यात." मोहनरावांचा स्वतःचा पुतण्या त्या अकरात होता. ते बोलताना खाली बघत होते. "तुमी सांगितलतं. आमी आयकलं न्हाई. ते म्या कुनासंगं बी बोलीन. पर लिव्हता येत न्हाई."

"तापानं डोळं जात न्हाईत, पाटील. अंगाची साल निघत न्हाई."

"ठावं हाय मला."

बुखार तसंच राहिलं. सुंदररावाची आदिलाबादला बदली झाली नाही. नंतर दोन वर्षांनी तो मोठ्या तालुक्याला गेला, एवढं गावाला कळलं.

शहादेव त्यानंतर तेरा वर्षं जगला. संत्र्याचे डोळे भरत राहिला, अंगठ्याचं नख ठेवत राहिला. तो इंग्रजी शब्द मात्र कोणी पुन्हा त्याच्या तोंडून ऐकला नाही. थंडी पडली, की तो गावाच्या शिवेवरच्या वडाखाली घोंगडी टाकून बसायचा, टोच्याची गाडी येईपर्यंत. एके साली आठ दिवस बसला होता. गाडी दिसली, की रस्त्यात जाऊन आडवा उभा राहायचा. दोनदा त्यानं गाडी माघारी धाडली. एकदा शिपायाच्या हातचा मार खाल्ला, पण डब्यावरचा हात काढला नाही, आणि तेवढ्यात छबुबाई बायांची फौज घेऊन शिवेवर आली.

शेवटच्या वर्षी नवा कोवळा टोचणारा आला होता. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"बाबा, वाट सोडा. तुम्ही सरकारी माणूस आहात का?"

"न्हाई."

"मग अडवता कशाला?"

शहादेवला आता नीट दिसत नव्हतं. चाचपडत तो साट्यापर्यंत गेला. डबा ओल्या गोणपाटात गुंडाळलेला होता. त्यानं गोणपाटाच्या आत हात घातला, पत्र्यावर तळवा टेकवला आणि तसाच उभा राहिला. बैलांनी माना हलवल्या. त्या पोराला वाटलं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला की काय.

"गार हाय," शहादेव म्हणाला आणि बाजूला झाला. "चला. छबुबाईच्या घरापासून धरा, तिला आता पंतू झालाय. आन् आज काय वार?"

"बुधवार."

त्यानं बोटांवर आठ दिवस मोजले. "म्हंजी फुडल्या बुधवारी. तुमी न्हाई आलाव तरी मी दंड चाचपून बघतो."